पुढं रेडियल, मागं बायस

बू मिशारीनं गाडी आणली ती ट्रॉलीवर घालून,
शुवैखच्या आमच्या गल्लीत, भर दुपारी,
पान्याला हात लावायचा तर आधी फडकं भिजवावं लागतं
अशा वेळी.
चौतीस सालची कूपे. छत कापून बुटकं केलेलं,
बॉनेट नाही, इंजिन उघडं,
सदरा न घालता दारात बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
मागचे टायर लाकडी खोक्यातून अमेरिकेहून आलेले,
रुंद, जुन्या घाटाचे, बायस.
आपल्याकडं ज्याला नुसतं नायलॉन म्हणतात.
पुढचे इथलेच, अरुंद, नवे, रेडियल.
"यल्ला सदीक," म्हणाला, "संध्याकाळी समुद्राकाठी न्यायचीय."

मी म्हटलं, उलटं झालंय.
मिसळायचेच तर रेडियल मागं घाला.
खरं तर मिसळूच नका.

हसन हमदुले, आमचा फोरमन, बाणकोटचा,
डोळ्यांनीच म्हणाला : लाव आणि गप बैस.

माझ्या अरबीत आकडे आहेत, शिव्या आहेत,
आणि 'उद्या' आहे.
वीण नाही.
वीण मला इचलकरंजीची येते.
अण्णांच्या चार मागांच्या शेडमध्ये
धोट्याच्या खटखटीवर मी पाढे पाठ केले,
म्हणून अजून सतराचा पाढा मोठ्यानं म्हणतो.

टायर फाडून बघा कधी. आत कापडच असतं.
बायसमध्ये धागे तिरके, एकमेकांवर फुली मारत जाणारे,
बाजेच्या सुंभासारखे,
कुठंही बसा, सगळी बाज कुरकुरते.
रेडियलचे सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत,
भीमावरच्या ताण्यासारखे,
वरून पोलादी पट्टा.
त्याची कूस वाकते, तळवा रस्ता सोडत नाही.
दोघंही वाईट नाहीत.
पण वळणावर एक सांगितल्याबरोबर ऐकतो,
दुसरा आधी आळस देतो.
ऐकणारा पुढं आणि आळसट मागं असला
की गाडीचं शेपूट डोक्याला ओलांडून जातं.

हे सगळं मी दोन तळहातांनी करून दाखवलं.
तो हसला.
मी टायर चढवले, हवा भरली,
आणि न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

भाजी बाजारामागचा गोल.
डांबरावर वाळूची साय.
वेग चाळीसचा, फार नाही.
पुढची चाकं वळली, शहाण्या मुलासारखी.
मागची अजून सरळच्याच विचारात.
मग क्रेन, मशीद, क्रेन, आभाळ,
आणि आम्ही आलो त्याच रस्त्याकडं तोंड करून उभे.
समोर कलिंगडांचा टेम्पो,
त्याचा ड्रायव्हर पश्तूतून
आमच्या आयांची चौकशी करत होता.

बू मिशारीनं स्टिअरिंग सोडलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "झेन."
म्हणजे बरं.
काय बरं, ते नाही सांगितलं.
परतताना मात्र हळू चालवत
माझ्या पोराचं नाव विचारलं.
अकरा वर्षांत गिऱ्हाइकानं पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात आणखी दोन खोकी आली.
आता चारही बायस.
काढलेले रेडियल कोपऱ्यात पडलेत,
एकात मांजर व्यालीय, हसन तिला दूध घालतो
आणि घालत नाही म्हणून सांगतो.

जाताना मी एवढंच बजावलं :
रात्रभर उभी राहिली की यांचा तळ चपटा होतो.
सकाळी थोडा वेळ गाडी धडधडेल,
घाबरायचं नाही,
रबर तापलं की पुन्हा गोल होतं.
हे त्याला लगेच कळलं.

मी दोन वर्षांनी महिनाभर घरी जातो.
पहिले काही दिवस माझंही तेच,
ताटावर, पायरीवर, पोराच्या साध्या बोलण्यावर
फेरीगणिक एक दणका.
बायको म्हणते, बसा की जरा निवांत.
तिला कसं सांगू,
उभा राहूनच तर चपटा झालोय.
मग सायकल काढतो, नदीपर्यंत जातो, येतो, परत जातो.
जरा कुठं गोल व्हायला लागतो
तोवर हसनचा फोन :
येतोस कधी, जॅकवर तीन गाड्या आहेत.